घोट्याएवढी आग

लग्न होऊन मी या घरात आले त्या आठवड्यातच माझं आणि मामंजींचं पहिलं भांडण झालं. मी चुलीत एकदम चार लाकडं कोंबली होती. ते दारातून ओरडले, "चूल पेटवतेस की घर?" आणि आत येऊन त्यातली दोन लाकडं त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून काढली. "लहान आग काम करते सूनबाई, मोठी आग खाते." मी मनात म्हटलं, या माणसाशी आपलं काही जमायचं नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. जमलं. पण त्यांच्या देखत मी अजूनही चुलीत दोनच लाकडं घालते.

मामंजी डोंगर जाळायचे. नवख्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो, मलाही फुटला होता. पण ते जाळणं म्हणजे वणवा नव्हे. थंडी सरत आली की डोंगराचा एक तुकडा निवडायचा, त्याच्या कडेनं माती उघडी होईपर्यंत पाचोळा ओढून जाळरेषा काढायची आणि सकाळच्या वेळी वरच्या अंगाला टेंभा लावायचा. वारा खालून वर येत असतो, आग त्याच्या तोंडावर उलटी खाली उतरते. घोट्याएवढी, त्याहून उंच नाही. वाळका पाला जातो, घाणेरीची झुडपं जातात, मोठ्या झाडांच्या सालीला काळा डाग पडतो आणि ती तशीच उभी राहतात. पुढं तिथंच कोवळं गवत येतं, हरणं येतात, दबून राहिलेली रोपं डोकं वर काढतात. मामंजी म्हणायचे, "जंगल दरवर्षी थोडं जाळलं नाही, तर ते एकदाच सगळं जळतं."

पाच वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की जंगलात काडी ओढली तर खटला. मामंजींचा टेंभा माळ्यावर गेला. पाचोळा घोट्यापर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. घाणेरी इतकी माजली की डोंगरावर जायला वाट उरेना. मामंजी रोज संध्याकाळी अंगणात बसून वर बघत आणि एखाद्याचं पोर वाया चाललंय आणि आपल्याला बोलता येत नाही, असं तोंड करीत. मग गेल्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडचा डोंगर पेटला. आग शेंड्याशेंड्यांवरून धावली. पलीकडची तीन घरं गेली, आमच्या वाडीतल्या सुताराचं लाकडाचं कोठार गेलं. दोन दिवस आम्ही ओली फडकी तोंडाला लावून बसलो होतो. आमचा डोंगर वाचला तो केवळ वारा फिरला म्हणून.

त्यानंतर जंगल खात्याची नवी बाई आमच्या दारात आली. वयानं लहान, बगलेत नेहमी कागदांची चळत. मामंजींनी तिचं नाव लगेच कागदवाली ठेवलं. ती ओट्यावर बसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही जाळायचात म्हणे. कसं, ते मला सांगा." मामंजी तीन तास सांगत होते. ती लिहून घेत होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा आत येऊन मला म्हणाल्या, "लग्न ठरवताना माझ्याशी बोलले होते, ते पाच मिनिटं."

कागदवालीनं आठ महिने वरच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या आणि परवानगी आणली. एकच दिवस, एकच उतार. वाडीच्या डोक्यावरचा. तो नीट जळला तर दरवर्षी एकेक उतार जाळायला मिळणार होता. बिघडला तर पुन्हा कुणी नाव काढायचं नाही.

चार दिवस आम्ही जाळरेषा काढत होतो. मामंजी, मी, आमचे हे आणि वाडीतले सहा-सात जण. दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद पट्टी, उताराच्या वरच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना. खाली गाडीरस्ता होताच. आधी कोयत्यानं घाणेरी तोडायची, मग दाताळ्यानं पाला ओढायचा, मग कुदळीनं मुळं. घाणेरीचे काटे लहान, पण कातडीत बसले की रात्रीपर्यंत ठुसठुसतात. दुसऱ्या दिवशी माझ्या तळव्यांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. आत्याबाईंनी जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या आणि म्हणाल्या, "तुझे सासरे त्या झाडांना जपतात तेवढं आपल्याला जपत नाहीत."

ते खरंही होतं. वाटेत एक पोकळ खोड आलं तर मामंजींनी त्याच्याभोवती हातभर गोल स्वतः साफ केला. "पोकळ झाडाच्या पोटात आग शिरली की ते धुराड्यासारखं ठिणग्या ओकतं. त्याला आधी सोडवायचं." आमचे हे मुळात बोलतच नाहीत, दाताळं ओढता ओढता एवढंच म्हणाले, "बाबा, जेवायची वेळ झाली." मामंजी काम करत राहिले. यांनी पुन्हा हाक मारली. मग जाऊन खांद्याला हात लावला. मामंजी दचकले आणि चिडले, "मोठ्यानं बोलायला काय होतं? हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलता."

मागच्या वर्षीच्या तापानंतर त्यांचे कान गेले होते. पुरते नाही, पण बारीक आवाज ऐकू येत नव्हते. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मूग गिळले होते. आत्याबाई आवाज चढवून बोलत आणि शेजारणीला सांगत, माझा गळाच मोठा. आम्ही ते सगळं मायेपोटी करत होतो. त्या मायेचा पाल्याशी काय संबंध, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. तिथंच आम्ही फसलो.

कारण जाळायचं की नाही, हे मामंजी कानानं ठरवत. तीन जागचा पाला घ्यायचा: उन्हातला, झाडाखालचा आणि ढिगाच्या तळातला. मुठीत धरून कानाशी चुरायचा. गप्प राहिला तर ओला, धूर होईल, जळणार नाही. चुरचुरला तर बरोबर. कडकडला तर टेंभा विझवून घरी जायचं. हे त्यांच्या बापानं त्यांना शिकवलं होतं, आणि गेल्या चार दिवसांत त्यांनी मला वीस वेळा करून दाखवलं होतं.

ठरलेल्या सकाळी सगळी वाडी गाडीरस्त्यावर जमली. पाण्याचा टँकर आला, पाठीवरचे फवारणी पंप आले, थोरल्या कचेरीतला एक साहेब कोऱ्या बुटांत आला. मामंजींनी धुतलेला सदरा घातला होता. पाच वर्षांत मी त्यांना इतकं ताठ चालताना पाहिलं नव्हतं. आम्ही वरच्या जाळरेषेवर पोचलो. जनावरं निघून जावीत म्हणून आमच्या यांनी पत्र्याचा डबा बडवत उतारावर फेरी मारली, मग तेही टँकरपाशी जाऊन उभे राहिले.

मामंजी वाकले. तीन जागचा पाला मुठीत घेतला. त्यांनी तो उजव्या कानाशी नेऊन चुरला, डोळे मिटले आणि हसले.

"चुरचुरतोय," ते म्हणाले. "चला."

मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते आणि मला ते कडकडणं स्वच्छ ऐकू आलं होतं. वाळक्या शेंगा पायाखाली याव्यात तसं. तीन दिवस कोरडा वारा सुटला होता. मी दाताळं टेकवायचं निमित्त करून खाली वाकले, मूठभर पाला चुरला. त्याचं पीठ झालं.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो धुतलेला सदरा, रस्त्यावरची माणसं, कोऱ्या बुटांचा साहेब, हातात कागद घेऊन उभी असलेली ती पोरगी. या माणसाला आता, सगळ्यांसमोर, सुनेनं सांगायचं की तुम्हाला ऐकू येत नाही? मला ते जमलं नाही. एवढं पाणी आहे, एवढी माणसं आहेत, निभेल, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो.

मामंजींनी टेंभा तीन ठिकाणी टेकवला.

आग घोट्याशी थांबली नाही. गुडघ्याला आली, कमरेला आली, आणि तिच्यातून एक पेटलेलं पान उठून आमच्या डोक्यांवरून जाळरेषेच्या पलीकडे गेलं. मामंजींचे डोळे शाबूत होते. सगळ्यांच्या आधी त्यांनीच पाहिलं. "वर! वर बघा, उडाली!" टेंभा मातीत खुपसून, हिरवी डहाळी तोडून ते पासष्टीचे गृहस्थ धावत सुटले. आम्ही मागून. झोडपायचं, पायानं तुडवायचं, पंपाचा फवारा मारायचा, पुन्हा झोडपायचं. धुरानं दिसेना. कुणीतरी माझ्या पाठीवर पाणी ओतलं तेव्हा कळलं की माझ्या वेणीचं टोक जळत होतं. खालून नळी ओढत हे वर आले आणि खालचीही विझवली.

अर्ध्या तासात सगळं शांत झालं. वर दोन अंगणांएवढी जागा काळी झाली होती, खाली तेवढीच. मामंजींची डावी भुवई गेली होती.

"झालं?" सुतार रस्त्यावरून ओरडला. "हेच का तुमचं ज्ञान? माझं कोठार गेलं तेवढं पुरे नाही झालं?"

तो चुकीचं बोलत नव्हता. कोऱ्या बुटांचा साहेब कागदवालीला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता आणि ती नुसती मान हलवत होती.

मामंजी दगडावर बसले. त्यांनी पाला उचलला, उजव्या कानाशी चुरला. मग डाव्या. मग मला जवळ बोलावलं आणि मूठ माझ्या कानाशी धरून चुरली.

"काय म्हणतो?"

"कडकडतोय."

"मघाशी?"

मी खाली बघितलं.

"मघाशी ऐकलं होतंस तू?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"सगळ्यांसमोर तुमची..."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चुलीतली लाकडं काढताना ओरडले होते तसे. पण त्यांनी फक्त माझ्या हाताच्या सुटलेल्या चिंध्या नीट बांधल्या. "वर अख्खा डोंगर होता आणि खाली घरं होती, पोरी. माझ्या अब्रूचं वजन किती, ते तरी बघायचं होतंस."

मग ते उठले आणि सरळ कागदवालीपुढे जाऊन उभे राहिले. मोठ्यानं बोलले, बहिरी माणसं बोलतात तसे, त्यामुळं रस्त्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाई, चूक माझी. पाला कडकडत होता, मला कळलं नाही. माझे कान गेलेत. वर्ष झालं असेल. घरात सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून."

"आत्ता कळलं!" खालून आत्याबाईंचा आवाज आला. लोक हसले. मामंजीही हसले, जळक्या भुवईचं कसंतरीच. मला मात्र रडू फुटलं, आणि मी ते धुरावर ढकललं.

"मग हा उतार आता कोण जाळणार?" कागदवालीनं विचारलं.

मामंजींनी माझ्याकडे बोट केलं. "हिला ऐकू येतं. नको तेवढं ऐकू येतं. फक्त बोलायला शिकवायचंय."

कागदवालीनं कागदावर लिहिलं: आग लावली, उडाली, विझवली, हवा योग्य नव्हती. साहेब म्हणाला, 'उडाली' कशाला लिहिता? ती म्हणाली, "उडाली म्हणून लिहिते. आणि विझवली, तेही लिहिते." दोघांची बरीच जुंपली. शेवटी आमच्याकडे येऊन ती म्हणाली, "आठ दिवस मिळालेत. त्यात जमलं तर जमलं. पुन्हा उडाली तर माझी बदली आणि तुमच्यावर खटला." आणि मग हळूच माझ्याजवळ, "ताई, जमेल ना?"

मी म्हणाले, "माहीत नाही." त्या दिवशीचं माझं पहिलं खरं बोलणं ते.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून वर जाऊ लागले. मामंजी सोबत येत. मी पाला चुरायची आणि त्यांना सांगायची, ते मान हलवायचे. पहिला दिवस नाही. दुसरा नाही. तिसरा, चौथा नाही. वारा कोरडाच होता. टँकरवाला रोज येऊन बसायचा आणि रोज आम्हाला ऐकवायचा की त्याच्या बायकोला वाटतं तो कामावर न जाता कुठंतरी भटकतोय.

पाचव्या दिवशी कोऱ्या बुटांचा साहेब पुन्हा आला. बूट आता तेवढे कोरे राहिले नव्हते. "आज थोडं दव पडलंय," तो म्हणाला. खरंच पडलं होतं. मी चुरला. वरचा पाला चुरचुरला, तळातला कडकडला. तीन मुठींतल्या दोन बऱ्या होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. हातात डहाळी घेऊन सुतारही आला होता. साहेब घड्याळ बघत म्हणाला, "एवढं काय? सकाळी सकाळी उरकून टाकू. पाणी आहेच की."

एवढं पाणी आहे, एवढी माणसं आहेत. माझ्याच मनातलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. मी मामंजींकडे बघितलं. एक इशारा केला असता तरी मी सुटले असते. ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"मामंजी?"

"मला काय विचारतेस? मी बहिरा."

"नाही," मी म्हणाले. फार हळू निघालं, म्हणून पुन्हा म्हणाले, "आज नाही. तळातला पाला वाळका आहे."

कुणीतरी चुकचुकलं. साहेबानं कपाळाला हात लावला. तेव्हा कुठं मामंजींनी मान वर केली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलं ना? चला घरी."

उतरताना ते माझ्या पुढं होते. मागं न बघता म्हणाले, "पेटवायला कुणालाही येतं. नाही म्हणायला मला सात वर्षं लागली. तू पाच दिवसांत म्हणालीस." मला इतका आनंद झाला की मी एका दगडाला ठेचकाळले.

सहाव्या रात्री आभाळ भरून आलं. सातव्या दिवशी पाला गप्प होता, चुरावा तर मुठीत चिकटत होता. आता राहिला एक दिवस. रात्रभर मला डोळ्याला डोळा लागला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "झोप गं. तू जागी राहून पाला वाळणार आहे का?"

आठव्या सकाळी धुकं लवकर उठलं, ऊन निघालं आणि खालून मंद वारा सुरू झाला. मी उन्हातला चुरला. झाडाखालचा चुरला. कोपरापर्यंत हात खुपसून तळातला काढला आणि चुरला. तिन्ही मुठी एकच बोलल्या. मी पुन्हा घेतल्या, पुन्हा तेच.

"चुरचुरतोय," मी म्हणाले.

मामंजींनी टेंभा माझ्या हातात दिला. जड होता. मी जाळरेषेच्या कडेनं चालत दर दहा पावलांवर तो टेकवत गेले. आग उठली आणि घोट्याशी थांबली. तिनं इकडंतिकडं बघितलं नाही, निमूट खाली उतरायला लागली. मामंजी माझ्या पाठोपाठ येत होते. "डावीकडे बघ. त्या खोडापाशी हळू. पाय बघ." चारदा ऐकलं, पाचव्यांदा मी मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "मामंजी, तुम्ही माझ्या पायात येताय! तिथं दगडावर बसा!"

मला वाटलं, रागावले. पण ते मुकाट्यानं वरच्या दगडावर जाऊन बसले.

दुपारपर्यंत मी, हे आणि बाकीची मंडळी त्या आगीबरोबर उतरत होतो. कुठं रेंगाळली तर डिवचायची, कुठं उसळली तर फवारा मारायचा. मोठ्या झाडांच्या पायाशी ती यायची, साल चाटायची आणि पुढं जायची. घाणेरी तडतडत आडवी होत होती. सुतार माझ्या बाजूला डहाळी घेऊन चालत होता. गाडीरस्त्यापाशी आगीला खायला काही उरलं नाही आणि ती आपोआप बसली. कागदवाली रस्त्यातच उभी राहून लिहीत होती आणि तिच्या नाकाला काजळी लागली होती.

मी टेंभा विझवून वर आले. मामंजी त्याच दगडावर होते. दोन्ही गालांवर पाण्याचे ओघळ. मी घाबरले. त्यांच्या शेजारी बसून कानाशी तोंड नेलं, "धूर लागला का? पाणी आणू?"

"नाही गं."

"मग? मी दगडावर बसा म्हणाले म्हणून वाईट वाटलं?"

त्यांनी मान हलवली. समोर सगळा उतार काळा पडला होता, त्यात मोठी झाडं उभी होती, अजून कुठं कुठं धुराची बारीक रेघ वर चढत होती, आणि घाणेरीनं पाच वर्षं झाकून टाकलेली वाडीची कौलं वरून दिसायला लागली होती.

"पस्तीस वर्षं हा डोंगर जाळला मी," मामंजी म्हणाले. "पण सगळा वेळ मान खाली. डोळे आगीच्या घोट्यावरून हलवायची सोय नव्हती. नजर काढली की ती उडालीच." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "आज पहिल्यांदा नुसतं बसून बघितलं. मला ठाऊकच नव्हतं सूनबाई, की हे इतकं सुंदर दिसतं."